पिवळा इंजिन दिवा लागला तर काय करावे? कोड कसा वाचावा, कधी पुसावा आणि कधी पुसू नये

गाडीची चावी ऑन केली की मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की तो विझतो. तो विझला नाही, किंवा चालत्या गाडीत अचानक लागला, तर गाडीच्या कॉम्प्युटरने काहीतरी बिघाड टिपला आहे असे समजावे. याच दिव्याला ‘चेक इंजिन लाईट’ म्हणतात.

गावाकडे या दिव्यावर दोनच उपाय चालतात. एक म्हणजे, गाडी पळतेय ना, मग पळू द्या. दुसरा म्हणजे तालुक्याच्या गॅरेजला जायचं, स्कॅनर लावून दिवा घालवायचा, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. आठ-पंधरा दिवसांत दिवा पुन्हा डोकं वर काढतो. मग सेन्सर बदला, तरी दिवा. कॉइल बदला, तरी दिवा. कांदा बाजारात नेणारी पिकअप असो की घरात दवाखान्याच्या वेळेला लागणारी एकुलती एक कार, अशा फेऱ्यांत हजारो रुपये जातात आणि मूळ बिघाड तसाच राहतो. दिवा घालवणे आणि बिघाड काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे एकदा लक्षात आले की बराच खर्च वाचतो. कोड वाचण्याचे काम तर आता खिशातल्या मोबाईलवरही होते.

दिवा कोण लावतो?

पूर्वीच्या गाड्यांत कार्बोरेटर आणि डिझेलचा साधा पंप होता. मिस्त्री आवाज ऐकून बिघाड सांगायचा. आताच्या इंजिनात किती हवा आत येते, पाणी किती गरम आहे, सायलेन्सरच्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, क्रँक कोणत्या ठिकाणी आहे, हे सेन्सर मोजतात. ती माहिती ईसीयू नावाच्या कॉम्प्युटरकडे जाते आणि तो ठरवतो की कोणत्या क्षणी किती इंधन सोडायचे. एखाद्या सेन्सरचे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, की ईसीयू त्याची नोंद एका कोडच्या रूपात करून ठेवतो. बिघाड धूर वाढवणारा असेल तर दिवाही लावतो.

या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. तिचा जन्म प्रदूषणाच्या नियमांतून झाला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व नव्या कारना ओबीडी-२ ही एकसारखी पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल कारना २००४ पासून तसाच नियम आला. भारतात बीएस-४ च्या काळात हे टप्प्याटप्प्याने आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नियम आणखी कडक झाले. त्यामुळे गेल्या दहा वर्षांतली कार किंवा छोटी पिकअप असेल तर तिच्यात हे सॉकेट असते असे धरून चालायला हरकत नाही. खूप जुन्या गाडीत सॉकेट असले तरी मोबाईलवरचे अॅप जुळेलच असे नाही.

आधी रंग बघा, मग दिवा कसा लागतो ते बघा

कोड वाचण्याआधी गाडी चालवायची की उभी करायची, हे ठरवावे लागते.

लाल दिवा असेल, म्हणजे ऑइलच्या किटलीचा किंवा इंजिन तापल्याचा, तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. इथे कोडबिड बघत बसू नये. ऑइलचे प्रेशर नसताना पळवलेले इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

पिवळा इंजिन दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारत आहे. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेट घेते. हा भाग महाग असतो आणि अशा वेळी तो वितळूही शकतो. वेग कमी करावा, भार असेल तर उतरवावा आणि शक्यतो गाडी ओढून न्यावी. अशी गाडी वाळलेल्या गवतावर, कडब्याजवळ किंवा खळ्यात उभी करू नये.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. घरी यावे आणि एक-दोन दिवसांत कोड वाचावा. मात्र महिनोन् महिने तसेच फिरू नये. एक दिवा आधीच लागलेला असेल तर दुसरा बिघाड झालेला कळत नाही.

कोडची बाराखडी

कोड पाच अक्षरांचा असतो. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे. काही कोडमध्ये आकड्याच्या जागी अक्षरही येते. स्क्रीनवर तो इंग्रजीत दिसतो, इथे मराठीत दिला आहे. उदाहरणार्थ पी ०१७१.

पहिले अक्षर गाडीचा भाग सांगते. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. ‘सी’ म्हणजे ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग. ‘बी’ म्हणजे बॉडी, त्यात एअरबॅगही आली. ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपापसातला संपर्क.

दुसरा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा असतो. १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. अशा कोडचा अर्थ मोबाईलवर चुकीचा दाखवला जाऊ शकतो, म्हणून तो त्याच कंपनीच्या माहितीतून तपासावा.

तिसरा आकडा विभाग सांगतो. १ आणि २ म्हणजे हवा आणि इंधन. ३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग. ४ म्हणजे धूर कमी करणारे भाग. ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग. ६ म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याचे सर्किट. ७ म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

कोड तक्रार सांगतो, पार्ट सांगत नाही

बहुतेकांचे पैसे इथेच जातात. पी ०१७१ म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. ही गोष्ट ऑक्सिजन सेन्सरला कळते, म्हणून काही ठिकाणी थेट ऑक्सिजन सेन्सरच बदलला जातो. पण सेन्सरने फक्त बातमी दिली. चूक दुसरीकडे असू शकते. हवेचा पाइप चिरलेला असेल, पेट्रोलचा फिल्टर चोक असेल, पंप थकला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ट्रिप झाला म्हणून कोणी स्टार्टर फेकून देत नाही. आधी फेज, केबल आणि पंप बघतात. इथेही तसेच.

कोडच्या वर्णनात ‘सर्किट’, ‘हाय’ किंवा ‘लो’ असे शब्द दिसले, तर सेन्सर विकत घेण्याआधी वायर आणि कपलर बघावा. ‘सर्किट हाय’चा अर्थ वस्तू गरम झाली असा नसतो, तर व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे असा असतो. बऱ्याचदा त्यामागे तुटलेली वायर किंवा निघालेला कपलर असतो.

गावाकडे वायरीचे बिघाड जास्त होण्याची कारणे उघड आहेत. चारा, धान्य किंवा ऊस जवळ असलेल्या शेडमध्ये गाडी उभी असते आणि बोनेटखालच्या उबेला उंदीर येतात. वायरीचे कव्हर कुरतडतात, कधी वायरच तोडतात. वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने इंजिन धुतले की कपलरमध्ये पाणी जाते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावरही तेच होते. म्हणून कोड कोणताही असो, बोनेट उघडून पाच मिनिटे डोळ्यांनी बघणे ही पहिली तपासणी. तिला एक पैसा लागत नाही.

काय लागते?

एक छोटे ब्लूटूथ उपकरण, ज्याला बाजारात ‘ओबीडी स्कॅनर’ किंवा ‘ईएलएम ३२७’ म्हणतात. साधे उपकरण काही शे रुपयांपासून मिळते. अँड्रॉइड मोबाईलला साधे ब्लूटूथचे चालते. आयफोन असेल तर वायफायचे किंवा आयफोनला चालणारे असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यावे. मोबाईलवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ यांसारखे अॅप लागते. कोड वाचणे आणि पुसणे एवढे काम फुकटच्या आवृत्तीतही होते.

चार-पाच घरांत मिळून एक उपकरण घेतले तरी पुरते. पण स्वस्त उपकरणाची मर्यादा ओळखावी. ते इंजिनचे कोड वाचते. एअरबॅग आणि एबीएसचे कोड ते बहुधा वाचत नाही, आणि त्या कामात घरी हात घालूही नये. ट्रॅक्टर आणि मोठ्या ट्रकचे सॉकेट वेगळे असते, ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. कारचे उपकरण तिथे अडॅप्टर जोडून लावण्याचा प्रयोग करू नये.

कोड वाचण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा.

२. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचे सॉकेट शोधावे. काही गाड्यांत ते छोट्या झाकणामागे किंवा फ्यूजबॉक्सजवळ असते. आकार एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद असल्यामुळे उपकरण उलटे बसत नाही. जोर लावू नये.

३. उपकरण बसवून चावी ऑन करावी. कोड वाचायला इंजिन सुरू करायची गरज नाही.

४. मोबाईलचे ब्लूटूथ सुरू करून उपकरण जोडावे. पिन विचारला तर बहुतेक उपकरणांचा तो १२३४ किंवा ०००० असतो. अॅप लोकेशनची परवानगी मागते, ती द्यावी लागते.

५. अॅपमध्ये ‘फॉल्ट कोड्स’ किंवा ‘डायग्नोस्टिक ट्रबल कोड्स’ असे लिहिलेले उघडावे आणि स्कॅन करावे.

६. जे दिसेल त्याचा लगेच स्क्रीनशॉट घ्यावा. सोबत तारीख, किलोमीटर आणि गाडी त्या वेळी काय करत होती, म्हणजे चढ होता की भार होता, थंड होती की गरम, हे वहीत लिहावे.

७. काम झाले की उपकरण काढून ठेवावे. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. उपकरण आठवडाभर तसेच राहिले आणि गाडी उभी असली तर बॅटरी उतरू शकते.

कोडसमोर ‘पेंडिंग’ लिहिले असेल तर बिघाड एकदा दिसला आहे, अजून पक्का झालेला नाही. बऱ्याच बिघाडांत ईसीयू पुढच्या फेरीतही तेच दिसले तरच दिवा लावतो. ‘कन्फर्म्ड’ किंवा ‘स्टोअर्ड’ म्हणजे बिघाड पक्का झाला.

याच ठिकाणी ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. बिघाड टिपला त्या क्षणी वेग किती, इंजिनचे फेरे किती, पाण्याचे तापमान किती, भार किती, हे त्यात असते. मिस्त्रीला ही नोंद फार कामाची, कारण त्यावरून बिघाड पुन्हा कसा उभा करायचा ते त्याला कळते.

नेहमी दिसणारे कोड आणि आधी काय बघायचे

पी ०३०० – इंजिन मिसिंग मारते, पण नेमका सिलिंडर ठरत नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ – शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. पेट्रोल गाडीत आधी प्लग बघावा. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघावी. कोड पी ०३०१ चा पी ०३०२ झाला, म्हणजे कॉइलसोबत सरकला, तर कॉइल खराब. नाही सरकला तर कॉइलचे पैसे वाचले. अदलाबदल इंजिन बंद आणि थंड असतानाच करावी.

पी ०१७१ – इंधन कमी, हवा जास्त. पी ०१७२ – त्याच्या उलट. अॅपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघावे. ते शून्याच्या आसपास, वजा १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. आयडलिंगला अधिक २० च्या पुढे आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत जाते आहे. पाइप आणि क्लिप बघावी. भार आल्यावर वाढत असेल तर इंधन कमी पोचते आहे. फिल्टर आणि पंप बघावा.

पी ०१०२ आणि पी ०११३ एकत्र – हवा मोजणारा आणि हवेचे तापमान मोजणारा, असे दोन्ही सेन्सर बऱ्याच गाड्यांत एकाच कपलरवर असतात. घरी एअर फिल्टर काढून हवा मारली आणि कपलर लावायचा राहिला की हे दोन्ही कोड सोबत येतात. कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवला की काम झाले. दोन तक्रारी एकदम आल्या तर दोन पार्ट घेण्याआधी दोघांचा सामाईक धागा शोधावा.

पी ०११८ – पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचे सर्किट. अॅपमध्ये चालू आकडे बघावेत. उन्हाळ्यात भर दुपारी गाडी उणे ४० अंश दाखवत असेल तर सेन्सरपर्यंत वायरच पोचत नाही असे समजावे.

पी ०३३५ – क्रँकचा सेन्सर. गाडी चालता चालता बंद पडते, थंड झाली की सुरू होते. हा सेन्सर गेला तर गाडी कुठेही उभी राहू शकते, त्यामुळे लांबचा प्रवास टाळावा.

पी ०४२० – कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी तक्रार. हा कोड दिसला की थेट मोठ्या खर्चाचा आकडा सांगितला जातो. आधी मिसिंगचा कोड सोबत आहे का, सायलेन्सरच्या जोडातून धूर गळतो का, मागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, हे तपासून घ्यावे. बदलावाच लागला तर जुना कन्व्हर्टर परत मागून घ्यावा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात आणि भंगारातही त्याला चांगला भाव येतो.

पी ००८७ – डिझेल गाडीत रेलमधले प्रेशर कमी. आधी डिझेल फिल्टर. शेतावर कॅनमध्ये किंवा ड्रममध्ये साठवलेले डिझेल भरले असेल तर पाणी आणि कचरा गेल्याची शंका घ्यावी. याच कारणाने महाग इंजेक्टर खराब होतात.

पी ०२९९ – टर्बोची हवा कमी. गाडी ओढत नाही. टर्बोपासून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप फाटले, निसटले का ते बघावे. पूर्ण टर्बो बदलण्याची गोष्ट त्यानंतर.

पी ०५६२ – बॅटरीचे व्होल्टेज कमी. एकदम पाच-सात असंबद्ध कोड दिसले तर बाकी सगळे सोडून आधी बॅटरी, तिची टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघावी. चांगली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर साडेतेराच्या वर जायला हवे.

कोड कधी पुसावा?

बिघाड सापडला, दुरुस्त झाला, त्यानंतर पुसावा. दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे तपासण्यासाठी पुसणे, एवढाच त्याचा खरा उपयोग.

पुसताना चावी ऑन, इंजिन बंद ठेवावे. चालत्या गाडीत कधीही पुसू नये. अॅपमधले ‘क्लिअर’ दाबावे, विचारणा आली की होय म्हणावे. मग चावी बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि गाडी सुरू करावी.

पुसल्यावर कोड जातो, फ्रीझ फ्रेमची नोंदही जाते. ईसीयूने शिकून ठेवलेली मापे बऱ्याच गाड्यांत पुन्हा शून्यावर येतात, म्हणून पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडे वरखाली होऊ शकते.

इंजिन सुरू होताच दिवा परत आला तर बिघाड तसाच आहे आणि तो बहुधा वायरीचा किंवा सेन्सरचा. दोन-चार दिवसांनी आला तर बिघाड विशिष्ट परिस्थितीतच दिसतो. पुन्हा फ्रीझ फ्रेम वाचावी. पुन:पुन्हा पुसत राहणे म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकण्यासारखे आहे.

दुरुस्ती बरोबर असेल तर न पुसताही चालते. सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो आणि इंजिन साधारण ४० वेळा थंडाचे गरम झाल्यावर कोडही निघून जातो.

गाडी वॉरंटीत असेल तर कोड मुळीच पुसू नये. स्क्रीनशॉट ठेवावा आणि गाडी दिव्यासकट सर्व्हिस सेंटरला दाखवावी. नोंद पुसली गेली की ‘आम्हाला काही सापडलं नाही’ असे उत्तर मिळते आणि वॉरंटी संपल्यावर तोच खर्च खिशातून करावा लागतो.

बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून दिवा घालवण्याचा जुगाड अनेक जण करतात. जुन्या गाड्यांत दिवा जातो, नव्यांत जाईलच असे नाही. त्यात घड्याळ, टेपचा लॉक, काचांची सेटिंग जाते. मुख्य म्हणजे कोड न वाचताच पुसला जातो.

जुनी गाडी घेताना हे जरूर बघा

उसाचे बिल किंवा कांद्याचे पैसे आले की अनेक घरांत जुनी गाडी घेण्याचा विचार होतो. विकणाऱ्याने आदल्या रात्री कोड पुसला असेल तर मीटरमध्ये दिवा दिसत नाही. पण पुसल्याची खूण मागे राहते आणि उपकरण लावले की ती सापडते.

चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, इंजिनचा पिवळा दिवा लागतो का ते पहिल्यांदा बघावे. लागतच नसेल तर दिवा काढून टाकलेला असू शकतो.

मग अॅपमध्ये ‘रेडिनेस’ किंवा ‘मॉनिटर्स’ उघडावे. गाडी नेहमी वापरात असेल तर बहुतेक तपासण्यांसमोर ‘कम्प्लीट’ किंवा ‘रेडी’ दिसते. बऱ्याच ठिकाणी ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘नॉट रेडी’ असेल तर कोड नुकताच पुसला आहे किंवा बॅटरी काढली होती.

शेवटी ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ हा आकडा बघावा. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते तो सांगतो. मालक म्हणतो दोन वर्षे गॅरेज बघितले नाही आणि आकडा १२ किलोमीटर दाखवतो, तर व्यवहार थांबवावा. गाडी दोन-तीन दिवस चालवून, पुन्हा स्कॅन करूनच इसार द्यावा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तरही असे दिसू शकते, म्हणून लगेच कोणाला खोटे ठरवू नये. बॅटरीची पावती मागावी.

बीएस-६ डिझेल गाडी असेल तर

या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि अधूनमधून सुमारे ६०० अंश तापमानाला ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते शेत, शेत ते डेअरी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. काजळी साठते, जाळीचा दिवा लागतो, पी २४६३ सारखा कोड येतो आणि गाडीची ताकद कमी होते.

जाळीचा दिवा नुसता लागला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर, साधारण १५ ते २० मिनिटे, ६० च्या वर सलग चालवावी. मध्येच बंद करू नये. या वेळी सायलेन्सर फार तापतो. गाडी कडबा, पाचट, वाळके गवत यांच्यावर उभी करू नये. कोड पुसून काजळी जात नाही. उलट पुसत राहिले तर जाळी पूर्ण चोक होते आणि बदलायचा खर्च मोठा असतो. इंजिन ऑइलही पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच घालावे. चुकीच्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती जळत नाही.

काही डिझेल गाड्यांत डीईएफ नावाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. तो युरियाचाच, पण शुद्ध, ३२.५ टक्क्यांचा द्रव असतो. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत टाकू नये. त्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने फवारणीची नोझल आणि पुढची यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर

सगळी दुरुस्ती घरी होणार नाही आणि करूही नये. पण गॅरेजमध्ये रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा स्क्रीनशॉट घेऊन जावे. मिस्त्रीला चार प्रश्न विचारावेत. कोड कोणता आला? हाच पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं? वायर आणि कपलर तपासला का? जुना पार्ट परत मिळेल का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही, उलट गिऱ्हाईक माहितीचं आहे म्हणून नीट समजावून सांगतो. ‘सेन्सर बदलून बघू’ असे उत्तर आले तर ‘आधी मीटर लावून बघा’ म्हणावे.

दुरुस्तीनंतर कोड आपल्यासमोर पुसून घ्यावा, गाडी आठवडाभर नेहमीसारखी चालवावी आणि पुन्हा एकदा स्कॅन करावे. रेडिनेसच्या सगळ्या ओळी ‘कम्प्लीट’ आल्या आणि पेंडिंगमध्ये काही नसेल, तर बिघाड गेला असे समजावे. वहीतल्या त्या कोडपुढे तारीख, बदललेला पार्ट आणि दिलेले पैसे लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी दिवा लागला किंवा गाडी विकायची वेळ आली, की ही नोंद कामाला येते.